वापरलेलं फाउंटन पेन ऑनलाइन घेताना आणि विकताना

दुकानातून नवं फाउंटन पेन घेतलं की सोबत कंपनीची हमी येते. एखाद्या हौशी माणसाकडून वापरलेलं पेन घेतलं की सोबत येतात त्याने काढलेले सहा-सात फोटो आणि त्याचा शब्द. तरीही माझ्याकडची सगळ्यात लाडकी पेनं अशीच आलेली आहेत. काही आता बनतच नाहीत, तर काहींची निब आधीच्या मालकाच्या हाताखाली इतकी रुळलेली आहे की कोऱ्या पेनाला तिची सर येत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की बसली तर पुढचं सोपं जातं. पेनाचा रंग, झळाळी, क्लिपचा आकार हे सगळं फोटोत दिसतं. पेन शाई ओढतं का, टोपण नीट बसतं का, निब कागदावर अडकते का, हे दिसत नाही. ते विकणाऱ्याने सांगावं लागतं आणि घेणाऱ्याने विचारावं लागतं. या लेखातलं बहुतेक सगळं त्या सांगण्या-विचारण्याबद्दलच आहे.

आधी काही आठवडे नुसतं वाचा

फाउंटन पेनच्या हौशी लोकांच्या ऑनलाइन समूहात शिरल्या शिरल्या पहिल्या दिसलेल्या जाहिरातीखाली ‘मी घेतो’ असं लिहू नका. प्रत्येक समूहाचे खरेदी-विक्रीचे नियम वेगळे असतात. कुठे नव्या सदस्याला लगेच विकता येत नाही, कुठे किंमत लिहिल्याशिवाय जाहिरात राहू देत नाहीत, कुठे पेनाशेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो काढावाच लागतो. नियम जाचक वाटले तरी वाचा. त्यातल्या बहुतेकांमागे कुणाचे तरी बुडालेले पैसे असतात.

या मंडळींची आपली एक बोली असते. ‘डब्ल्यूटीएस’ म्हणजे विकायचं आहे, ‘डब्ल्यूटीबी’ म्हणजे हवं आहे, ‘डब्ल्यूटीटी’ म्हणजे अदलाबदल करायची आहे. ‘एनओएस’ म्हणजे जुन्या काळी बनलेला पण कधीच न वापरलेला माल. ‘यूजर ग्रेड’ म्हणजे लिहायला ठीक, दिसायला थकलेलं. ‘मिंट’ या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एकाचं मिंट दुसऱ्याच्या लेखी ‘बऱ्यापैकी’ असतं. ‘रिस्टोअर्ड’ म्हटलं असेल तर नेमकं काय केलं ते विचारा. आतली रबरी पिशवी बदलून, सांधे बंद करून, पाणी भरून तपासलेलं पेन वेगळं आणि वरून पॉलिश मारलेलं पेन वेगळं. दोन्हींवर तोच शब्द चिकटवलेला मी पाहिला आहे.

वाचता वाचता एक वही ठेवा. तुम्हाला आवडणारी तीन-चार मॉडेलं निवडा आणि ती शेवटी किती किमतीला गेली ते टिपून ठेवा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत पुष्कळ अंतर असतं. महिनोन्महिने पडून असलेल्या जाहिरातीतली किंमत बाजारभाव नव्हे. तीच वही पुढे विकताना तुमच्या कामी येते.

पहिलं पेन कोणतं घ्यावं

जुन्या पेनात पैसे अडकतात ते शाई भरण्याच्या यंत्रणेत. म्हणून पहिल्या पेनाची निवड रंगावरून करू नका, ते शाई कसं भरतं त्यावरून करा.

कार्ट्रिज (शाईची तयार नळी) किंवा कन्व्हर्टर (त्याच जागी बसणारी, पुन्हा भरता येणारी नळी) यांचं पेन सगळ्यात निर्धोक. आतलं बिघडलं तर कन्व्हर्टर बदलला की झालं. एवढंच पाहा की त्या कंपनीचा कन्व्हर्टर अजून मिळतो का, कारण पार्कर, लॅमी, पायलट, सेलर, प्लॅटिनम या प्रत्येकाचं माप आपापलं आहे आणि ‘स्टँडर्ड इंटरनॅशनल’ माप यांतल्या कुणालाही नेहमीप्रमाणे बसेलच असं धरून चालता येत नाही.

पिस्टनची, म्हणजे आतला दट्ट्या फिरवून थेट पेनात शाई ओढणारी पेनंही नवख्याला चालतात. पेलिकनचं एम२०० घ्या. त्याची निब फीडसकट (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) फिरवून बाहेर येते, त्यामुळे धुणं सोपं आणि निब बिघडली तर अख्खा जोड बदलता येतो. लॅमी २००० हे १९६६ पासून बनतंय, त्याचा देह मॅक्रोलॉन नावाच्या मजबूत प्लास्टिकचा आहे आणि पिस्टन सहसा दगा देत नाही. ते घेताना पकडीच्या वरच्या कडेला धातूचे दोन बारीक कान दिसतात का ते बघा. टोपण त्या कानांवर अडकतं. पेन उघडून साफ करताना ती इवलीशी रिंग हरवलेली असेल तर टोपण धरत नाही.

खरोखर जुनं पेन हवं असेल तर माझं मत पार्कर ५१ च्या बाजूने, पण त्यातही एअरोमेट्रिक. पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये, तेव्हा ते व्हॅक्युमॅटिक पद्धतीने शाई भरायचं. बॅरलच्या, म्हणजे पेनाच्या मागच्या नळीच्या, शेपटाची छोटी टोपी काढून आतली दांडी दाबायची, आणि सगळी मदार एका रबरी पडद्यावर. तो पडदा कालांतराने मरतोच. १९४८ पासून एअरोमेट्रिक आलं. बॅरल काढली की धातूच्या नळीत एक पट्टी, ती दाबली की आतली पिशवी दबते. ही पिशवी साध्या रबराची नसल्यामुळे सत्तरेक वर्षांनीही ती नुसतं पाण्याने धुऊन चालू झालेली पेनं आहेत. अलीकडे याच नावाने पुन्हा आणलेलं पेन पूर्णपणे वेगळं आहे, टोपण फिरवून लावायचं आणि कार्ट्रिजवर चालणारं. जाहिरातीत फक्त ‘५१’ लिहिलं असेल तर कोणतं ते विचारून घ्या.

लिव्हरचं पेन (बाजूची छोटी दांडी उचलून शाई भरायचं), शेफर कंपनीचं स्नॉर्कल, व्हॅक्युमॅटिक ही सुंदर पेनं आहेत, पण दुरुस्त केल्याची खात्री नसेल तर पहिल्याच फेरीत त्यांच्या वाटेला जाऊ नका. लिव्हरच्या पेनात साध्या रबराची पिशवी असते आणि ती काही दशकांत कडक होते. माझ्या पहिल्या लिव्हरच्या पेनाच्या जाहिरातीत ‘तपासलेलं नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं. मी त्याचा अर्थ ‘बहुधा चालत असेल’ असा घेतला. पेन हातात आल्यावर लिव्हर उचलली, तर आत काहीतरी कुरकुरून मोडलं. पकडीचा भाग सोडवला तेव्हा पिशवीचे ठिसूळ काळे तुकडे टेबलावर सांडले आणि आतली दाबपट्टी गंजलेली निघाली. ‘तपासलेलं नाही’ याचा अर्थ ‘चालत नाही’ असाच घ्यायचा आणि किंमतही तशीच धरायची, हे मी त्या दिवसापासून पाळत आलो आहे.

जाहिरातीत काय शोधायचं

फोटो बघताना आधी न दाखवलेली बाजू शोधा. टोपण सगळ्या फोटोंत लावलेलंच असेल तर निब बघायची राहिली. निब फक्त वरून दाखवली असेल तर फीड बघायची राहिली. पेन एकाच बाजूने दाखवलं असेल तर दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी नाव कोरलेलं असू शकतं. नावाचं मला वावडं नाही, उलट जुन्या मालकाचं नाव असलेलं पेन मला आवडतं. पण त्याने किंमत उतरते, म्हणून ते आधी कळायला हवं.

मग निब. चांगल्या फोटोत चीर सरळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत असतात. समोरून पाहिल्यावर एक पातं वर, एक खाली दिसत असेल तर निब खरखरणार. हे नीट करता येतं. पाती फाकून मध्ये मोठी फट पडली असेल, किंवा निब वरच्या बाजूला वाकून फीडपासून सुटली असेल, तर कुणीतरी जोर देऊन लिहिलेलं आहे. ही दुरुस्ती जाणकाराची. टोकाचा मणी झिजून एका बाजूला सपाट झाला असेल तर ती निब आधीच्या मालकाच्या कोनातच लिहील. आणि निबेच्या मधल्या भोकापासून निघालेली तडा सगळ्यात वाईट. तसं पेन केवळ सुट्या भागांसाठी घ्यावं.

बॅरल आणि टोपणाचा पदार्थ काय तेही बघा. काळं एबोनाइट (कडक केलेलं रबर) उजेडाने आणि पाण्याने तपकिरी-हिरवट पडतं. रंग उडालेला आवडत नसेल तर सोडा, पण ते पुन्हा काळं करून विकलेलं असेल तर ते सांगितलंच पाहिजे. सेल्युलॉइडच्या (एक जुनं प्लास्टिक) पेनात रबरी पिशवीतल्या गंधकाच्या वाफेने बॅरल पिवळसर-तपकिरी होते, टोपण मात्र मूळ रंगाचं राहतं. दोन्हींच्या रंगांत फरक दिसला तर कारण बहुधा हेच. १९३३ मध्ये आलेल्या पार्कर व्हॅक्युमॅटिकची बॅरल आडव्या पट्ट्यांची असते आणि मधल्या पट्ट्या पारदर्शक असतात. उजेडासमोर धरून काढलेला फोटो मागा. आरपार दिसत असेल तर किंमत चढी असणं रास्त आहे.

हे प्रश्न विचाराच

जाहिरात चांगली वाटली तरी विचारणं सोडू नका. मी साधारण असं लिहितो: ‘नमस्कार, पेन आवडलं. घेण्याआधी काही गोष्टी विचारतो. शेवटचं यात शाई कधी भरली होती आणि कोणती? भरल्यावर पानभर लिहून बघितलंय का? टोपणाच्या काठाला किंवा पकडीच्या वेढ्यांजवळ चीर आहे का? कुठला भाग बदललेला आहे का? लिहिण्याचा नमुना आणि निबेचा बाजूने काढलेला फोटो मिळेल का?’

प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. शाई कोणती हे विचारायचं कारण, चकाकीची शाई फीडच्या खाचांत बसते, आणि चित्रकारांची शेलॅक (लाख) घातलेली काळी शाई तर पेनात कधीच घालू नये. ती वाळली की पेन गेलं. पानभर लिहायला सांगायचं कारण, बुडवून लिहिलेल्या दोन ओळींत कुठलंही पेन चांगलं लिहितं. फीड शाई पुरवते की नाही हे चौथ्या-पाचव्या ओळीनंतर कळतं. म्हणून लिहिण्याचा नमुना पाठवला असेल तर तो निब बुडवून काढलाय की पेन भरून, हेही विचारा.

निबेची जाडी विचारताना एक ध्यानात ठेवा. जपानी कंपन्यांचं ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) साधारणपणे युरोपीय कंपन्यांच्या ‘एफ’पेक्षा बारीक चालतं. विकणाऱ्याने रेषेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो दिला तर उत्तम, नाहीतर तुमच्या ओळखीच्या एखाद्या पेनाच्या रेषेशी तुलना करून सांगायला सांगा.

उत्तर कसं येतं तेही बघा. ‘मला माहीत नाही, पण बघून सांगतो’ हे चांगलं उत्तर आहे. ‘आजच घ्या, दुसरे तिघे रांगेत आहेत’ हे उत्तर आलं की मी बाजूला होतो. हौशी माणूस पेनाबद्दल बोलायला थकत नाही. पेनाबद्दल बोलायला जो टाळाटाळ करतो आणि पैशाबद्दल मात्र लगेच बोलतो, त्याच्याकडून न घेतलेलं बरं.

नकली पेनं आणि जोडलेली पेनं

मोंब्लाँ कंपनीच्या पेनांच्या नकला खूप निघतात. १९५२ मध्ये आलेलं त्यांचं १४९ हे मॉडेल कायम पिस्टनचंच पेन राहिलं आहे. कुणी १४९ म्हणून कन्व्हर्टरचं पेन दाखवलं तर पुढे बोलायची गरज नाही. त्याची निब सोन्याची असते. निबेवर सोन्याची शुद्धता दाखवणारा अंक शोधा. ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट. पण नकली निबेवरही हे अंक सर्रास छापलेले असतात, म्हणून अंक असणं हा पुरावा नाही. अक्षरांच्या कडा किती रेखीव आहेत, फीडला किती बारीक खाचा आहेत, टोपण उघडताना वेढे किती सफाईदार चालतात, हे सगळं एकत्र बघावं लागतं. लॅमी सफारीसारख्या स्वस्त पेनाच्याही नकला निघतात, तेव्हा ‘एवढ्या साध्या पेनाची कोण नक्कल करणार’ असं म्हणू नका.

दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्यात विकणाऱ्यालाही बऱ्याचदा पत्ता नसतो. एका पेनाचं टोपण, दुसऱ्याची बॅरल, तिसऱ्याची निब. जाणकार याला ‘फ्रँकनपेन’ म्हणतात. नामांकित कंपनीच्या पेनात नुसतं ‘वॉरंटेड १४ के’ कोरलेली निब असेल तर ती बहुधा नंतर बसवलेली आहे. एस्टरब्रूक कंपनीच्या जुन्या ‘जे’ मालिकेत निब बदलणं हा दोष नाही, ती पेनं त्यासाठीच बनलेली. तिथे फक्त निबेवरचा क्रमांक विचारा. २६६८ आणि ९६६८ दोन्ही मध्यम जाडीच्या, पण ९ ने सुरू होणाऱ्या निबेच्या टोकाला कठीण धातूचा मणी असतो, २ ने सुरू होणारीला नसतो.

वय ओळखायच्या खुणा शिकून घ्या. १९८० पासून पार्करने टोपणावर वर्षासाठी इंग्रजी अक्षर वापरलं, ‘क्वालिटी पेन’ या शब्दांतली दहा अक्षरं ओळीने शून्य ते नऊ. क्यू म्हणजे शून्य, यू म्हणजे एक, ए म्हणजे दोन, एल म्हणजे तीन, असं पुढे. त्यामुळे ‘एल’ असलेलं पेन १९८३ चं असू शकतं आणि १९९३ चंही. कोणतं ते मॉडेलवरून ठरतं. पायलटच्या बऱ्याच निबांवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. निब २०१५ ची आणि पेन ‘तीस वर्षं कपाटात होतं’ असं सांगितलं, तर निब बदललेली आहे किंवा गोष्ट तरी.

पैसे देताना

इथे भीडभाड बाजूला ठेवा. खरेदीदाराला संरक्षण मिळेल अशाच मार्गाने पैसे द्या. पेपलसारख्या सेवेत मालासाठी द्यायचे पैसे आणि मित्र-नातेवाइकांना पाठवायचे पैसे असे दोन पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात शुल्क वाचतं, पण पेन आलं नाही तर दादही मागता येत नाही. शुल्क कोण भरणार हे आधी ठरवा. ते वाचवण्यासाठी संरक्षण सोडू नका.

‘हवं आहे’ अशी जाहिरात तुम्ही टाकलीत की हमखास एखाद्या अनोळखी खात्यावरून खासगी निरोप येतो: तुम्हाला हवं तेच पेन, अगदी कमी किंमत, फोटो चकचकीत. तो फोटो प्रतिमा-शोधात टाकून बघा. बऱ्याचदा तो कुणाच्या तरी जुन्या जाहिरातीतला निघतो. मग त्याला आजची तारीख आणि तुम्ही सांगाल तो एक शब्द कागदावर लिहून, पेन त्यावर आडवं ठेवून फोटो पाठवायला सांगा. खऱ्या विकणाऱ्याला यात दोन मिनिटं जातात आणि तो रागावत नाही. खात्याचं नावही अक्षर न् अक्षर तपासा, कारण नावाजलेल्या सदस्याच्या नावात एखादं अक्षर बदलून खोटी खाती काढली जातात. म्हणूनच बऱ्याच समूहांत आधी जाहिरातीखाली जाहीर लिहायचं आणि मगच खासगीत बोलायचं, असा नियम असतो.

पार्सल आल्यावर

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, बंद खोक्यापासून पेन हातात येईपर्यंत. मग लगेच शाई भरू नका.

आधी कोरडं पेन बघा. खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च टोपणाच्या तोंडाशी धरून टोपण सावकाश फिरवा. रंगीत प्लास्टिकचं टोपण असेल तर काठापासून वर गेलेली चीर एकदम उजळ रेघ होऊन दिसते. नुसत्या डोळ्यांनी ती कधीच दिसली नसती. काळ्या टोपणावर उजेड बाहेरून तिरका पाडा आणि काठावरून नख फिरवा. टोपण आणि बॅरल हुंगूनही बघा. कुबट वास आला तर आत बुरशी असू शकते. असं पेन बाकीच्या पेनांपासून वेगळं ठेवा आणि पूर्ण साफ होईपर्यंत त्याची निब शाईच्या बाटलीत बुडवू नका, नाहीतर बाटलीही जाईल.

त्यानंतर साधं पाणी भरा, सोडा, पुन्हा भरा. पाणी भरलेलं पेन निब खाली करून टिपकागदावर तासभर उभं ठेवा. पकडीच्या सांध्याशी ओल दिसली तर गळती आहे. एबोनाइट आणि केसीनची (दुधातल्या प्रथिनापासून बनवलेलं जुनं प्लास्टिक) पेनं मात्र पाण्यात भिजत ठेवू नका. एबोनाइटचा रंग उडतो, केसीन फुगतं. गरम पाणी, स्पिरिट, अल्कोहोल कशालाच लावायचं नाही.

दोष निघाला तर त्याच दिवशी फोटोसह कळवा. पदरी पडलं पवित्र झालं म्हणून गप्प बसू नका, पण भांडणाच्या सुरातही लिहू नका. आणि परत करायची शक्यता असेल तोवर पेन स्वतः उघडू नका, निबेला हात लावू नका. एकदा तुम्ही पाती वाकवलीत की आधी काय होतं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

विकायची वेळ आली की

विकताना तुम्ही वर वाचलेल्या सगळ्या शंका समोरच्याच्या मनात आहेत असं धरा आणि त्याने विचारायच्या आत उत्तरं देऊन टाका.

पेन धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि त्यानंतरही एकदा. निब टिपकागदात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर रंग उतरला असेल तर अजून धुवायचं आहे. वरून पॉलिश करायचा मोह आवरा. जुन्या पेनावरची कोरीव अक्षरं पॉलिशने पुसट होतात आणि जाणकार घेणारा आधी तीच बघतो.

फोटो दिवसा खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको. बंद पेन दोन्ही बाजूंनी, उघडं पेन, निब वरून, खालून आणि बाजूने, टोपणाचा काठ, कोरीव अक्षरं, आणि प्रत्येक ओरखड्याचा वेगळा फोटो. ओरखडा दिसेल असा उजेड मुद्दाम तिरका घ्या. लिहिण्याचा नमुना द्या आणि शाई-कागद कोणता ते लिहा.

मजकुरात दोष आधी लिहा, कौतुक नंतर. पेन कधी घेतलं, तुम्ही कितवे मालक, काय दुरुस्त केलं, कुणाकडून केलं, निब घासून घेतली असेल तर तेही. जे तपासलं नाही ते तपासलं नाही असं लिहा. मी एकदा एक पेन ‘चीर नाही’ असं लिहून विकलं. घेणाऱ्याने दोन दिवसांनी टोपणाच्या आत टॉर्च धरून काढलेला फोटो पाठवला. क्लिपच्या मागे केसाएवढी रेघ होती. मी ती पाहिली नव्हती, पण तपासल्याचं लिहिलं होतं, तेव्हा जबाबदारी माझीच. पूर्ण पैसे आणि परतीचा टपालखर्च मी दिला. त्याने पुढे माझ्याकडूनच आणखी दोन पेनं घेतली.

किंमत ठरवताना वही काढा. नवं केवढ्याला मिळतं त्यापेक्षा गेल्या काही महिन्यांत त्याच अवस्थेतलं पेन केवढ्याला गेलं ते महत्त्वाचं. निब तुमच्या हातासाठी खास घासून घेतली असेल तर तो खर्च किमतीत धरू नका, दुसऱ्याला ती तशी हवी असेलच असं नाही. घासाघीस चालेल की नाही ते सरळ लिहा. दोघांनी एकाच वेळी मागितलं तर ज्याने आधी जाहीर लिहिलं त्याला द्या, दुसऱ्याने जास्त देऊ केले तरी.

पाठवताना पेन पूर्ण रिकामं हवं. बॅरलमध्ये थेंबभर शाई राहिली तरी प्रवासात ती टोपणात उतरते. टोपण लावून पेन आधी मऊ कागदात गुंडाळा, मग बबल रॅपमध्ये, आणि मग एका टणक नळीत घाला. नळी दोन्ही टोकांनी अशी भरा की हलवल्यावर आत काही सरकू नये. चिकटपट्टी पेनाला कधीही लागता कामा नये. तिचा चीक जुन्या प्लास्टिकवरून निघत नाही. पातळ लिफाफ्यात पेन पाठवू नका, टपाल वेगळं करणाऱ्या यंत्रात ते मोडू शकतं. ट्रॅकिंग घ्या, किंमत बरी असेल तर विमाही. परदेशी पाठवत असाल तर कस्टम्सच्या कागदावर खरीच किंमत लिहा. घेणाऱ्याने कमी लिहायची विनंती केली तरी नाही म्हणा. पार्सल हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीपुरताच मिळतो, आणि खोटं लिहिल्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

खोक्यात एक चिठ्ठी टाका. त्यात शेवटची शाई कोणती होती, पिस्टनला ग्रीस कधी लावलं, पिशवी कोणत्या वर्षी बदलली, टोपण किती वेढ्यांत बसतं, एवढं लिहा. पेन पुन्हा विकलं गेलं तर ही चिठ्ठी त्याच्यासोबत पुढे जाते. माझ्याकडच्या एका पेलिकन ४०० सोबत तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या अशा चिठ्ठ्या आल्या होत्या, त्यातली सगळ्यात जुनी त्याच पेनाने लिहिलेली.